प्रवीणची धाव

मंगळवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. शेजारचा प्रवीण माझ्या एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी ट्रेडमिलवर धावत होता आणि पडद्यावरची त्याच्या ठोक्यांची रेघ मध्येच वेडीवाकडी झाली. मी मशीन थांबवलं.

"काहून थांबवलं वं? मी तं मस्त पळून राहिलो होतो."

हृदयाच्या डॉक्टरांना दाखव, तोवर पळू नको, म्हटलं.

"पोलीस भरती तोंडावर आली. घरी सांगू नको."

सांगू का? त्याचा भरवसा मोडेल. पण ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही. आत्ताही मनीषनगरच्या मैदानावर पळत असेल तर?

शेवटी त्यालाच फोन केला. धापा ऐकू आल्या आणि मला रडूच फुटलं. त्याची पावलं थांबली. मग हळूच म्हणाला, "बसलो मी खाली. उद्या दवाखान्यात येशील सोबत?"