दोन बटणं आणि सायकलची ट्यूब

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज ऋषिराजच्या तोंडावर डस्टर फेकला. नेम चुकला. लागायला हवा होता मेल्याला!

सुप्रिया मॅडम विज्ञान प्रदर्शनाचे विषय लिहून घेत होत्या. मी म्हटलं, पावर प्रेस, पत्रा दाबून कापायचं मशीन. तर हा मागच्या बाकावरून बोलला, "काकाचा हात पण मांडणार का टेबलावर?" सगळे हसले. याचा बाप विजयसिंह लोणी देवकरच्या कारखान्यात सुपरवायझर. सोमनाथकाका आणि पप्पा त्याच्याच हाताखाली. गेल्या वर्षी प्रेसमध्ये काकांचा उजवा पंजा गेला, आणि विजयसिंहानं कागदावर लिहिलं — कामगाराची स्वतःची बेफिकिरी. चोर तो चोर, वर शिरजोर!

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दाबायची, म्हणजे हात साच्याबाहेर राहतात. पण माल भराभर निघावा म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबनं आवळून ठेवतात. मग एक जण साच्यात पत्रा ठेवतो, दुसरा एकाच हातानं दुसरं बटण दाबत बसतो. कारखान्यात सगळीकडं हेच. काकांच्या प्रेसवर ट्यूब विजयसिंहानंच बांधायला लावली असणार. बटणावर कोण होतं विचारलं तर काका म्हणतात, आठवत नाही.

माझ्या मॉडेलमध्ये दोन्ही बटणं एकदमच दाबली तर दट्ट्या खाली येणार. एक बांधलेलं असलं की प्रेस बंद. हे इंदापूरच्या प्रदर्शनात परीक्षकांपुढं दाखवणार आणि काकांवरचा बेफिकिरीचा डाग पुसणार. पुसणार म्हणजे पुसणार!

१ डिसेंबर, रविवार

चाललं! गाडीच्या वायपरची मोटर, लोखंडी दट्ट्या, भंगारातली बटणं.

आधी जुनी पद्धत दाखवायची म्हणून माझी नवी जोडणी काढून बटणाला ट्यूब बांधत होते, सारखी सुटायची. पप्पा म्हणाले आण इकडं. टीव्हीकडं बघत बघत दोन वेढे, एक हिसका — बसली गाठ.

साच्यात गाजर ठेवून बटण दाबलं. कचकन! तुकडा माझ्या गालावर उडाला. काका उठून अंगणात गेले आणि थोटा हात भिंतीवर आपटायला लागले. चार, पाच, सहा वेळा. कातडी सोलली, भिंतीला रक्त. आईनं खांदे धरून मागं ओढलं तेव्हा थांबले. पप्पा जागचे हलले नाहीत. जेवले पण नाहीत.

मी भ्याले. आणि राग दुप्पट झाला.

३ डिसेंबर, मंगळवार

ऋषिराज म्हणतो, माझ्या बापाचं नाव घेतलंस तर तुझं खेळणं मोडून टाकीन. मोडून तर बघ.

६ डिसेंबर, शुक्रवार

मोडलं.

सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही सगळे विहारात गेलो. पप्पा ड्युटीवर. परत आलो तर पडवीत मॉडेलचा चेंदामेंदा. दट्ट्या वाकवलेला, मोटर फोडलेली, फळीच्या चिरफळ्या. एक घाव नाही, वीस तरी असतील. शेजारच्या शकुबाई म्हणाल्या, ठोकायचा आवाज आला, मला वाटलं तुझंच काम चाललंय. आणि विजयसिंहाचा पोरगा सायकलवर दिसला गल्लीत.

बस. कळलं.

७ डिसेंबर, शनिवार

शाळेच्या नळावर गाठला. पाना दप्तरात होताच. पहिलाच घाव दातांवर बसला. तो खाली पडला तरी मी थांबले नाही. "मी न्हाय, मी न्हाय" म्हणत होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं! सुप्रिया मॅडमनी केस धरून ओढलं तेव्हा सुटला.

दोन दात पडले. ओठाला सात टाके. बारामतीच्या दवाखान्यात नेलाय. प्रदर्शनातून माझं नाव कापलं.

संध्याकाळी विजयसिंह दारात आला. वाटलं, पप्पांना मारणार. तर पप्पाच त्याच्या पाया पडले. त्या सुपरवायझरच्या! मी त्याच्या देखत थुंकले. तो पप्पांना एवढंच बोलला, "रावजी, आता तरी सांग पोरीला."

पप्पा आत गेले. दार लावून घेतलं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी पप्पांनी स्वतःच सांगितलं. परवा ते ड्युटीवर गेलेच नव्हते. मॉडेलवर घण त्यांनीच घातला. काकांचा पंजा गेला त्या दिवशी कारखान्यात ट्यूब त्यांनीच बांधलेली, बटण पण त्यांनीच दाबलं.

मी काकांना सांगायला गेले. ते म्हणाले, "म्हाईत हाय. दादाच हुता बटनावर. म्हणून तर आठवत न्हाय म्हणतो."

ऋषिराज नुसता सायकलवरून चालला होता.