गॅलरीतला बद्द आवाज

मंगळवार, संध्याकाळ

वरच्या मजल्यावरच्या लेले काकू आमचं ऐकतील की नाही, या धास्तीत दोन दिवस गेले. त्यांनी ऐकू नये याची तजवीज मीच करून ठेवलेली.

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या कॉलेजनं सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना महिनाभर वारज्यात जुन्या इमारती तपासायला पाठवलं, तेव्हा मी पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं होतं की आता ही पोरं पुस्तकं मिटून भिंती ठोकत हिंडणार. लोक हसले. मीही.

परवा लेकीनं हातोडीनं आमच्या गॅलरीचं छत ठोकलं. टक, टक, मग बद्द.

“आई, इथे स्लॅब पोकळ झालाय. याच्यावरच काकू बसतात ना?”

बसतात. रोज, खुर्ची टाकून. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, “भिंती ठोकणारी पोरं, हे तूच लिहिलंस ना गं? कात्रण आहे माझ्याकडे.”

मी तशीच खाली आले.

आज मुक्ता काकूंना हाताला धरून खाली घेऊन आली. हातोडीला काठी बांधून त्यांच्याच हातात दिली. टक, टक, बद्द. काकूंनी पुन्हा ठोकलं. बद्द.

“हे तुला कळलं कसं?”

“पहिले आठ दिवस नाहीच कळलं, काकू. रोज ठोकत राहिले.”

काकू वर गेल्या. मग खुर्ची आत ओढल्याचा आवाज आला. हुश्श.

मग आठवलं, मी बसून लिहितेय त्या आपल्या गॅलरीचा, माझ्या पायाखालचा स्लॅब खालच्या मजल्यावरून अजून कुणी ठोकलेलाच नाही. ही वही घेऊन मी गॅलरीतून आत आलेय.