आधी तुम्ही घ्या

आई, सगळं बदललं ते परवा दिघीला, जिच्याशी लग्न करायचंय तिच्या घरात. मी नेलेला पेढ्यांचा बॉक्स तिच्या आईने परत माझ्याकडेच सरकवला. "आधी तुम्ही घ्या." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नजर फरशीवर. तिच्या वडिलांच्या शिफ्टला आपल्या गावचा एकजण निघाला होता, त्याने तुझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं.

मला एकदम कुरुळीची चाळ दिसली. शेजारी शेंगोळ्याची वाटी द्यायला जातेस आणि उंबऱ्यातच उभी राहून, त्यांच्या देखत, आधी एक घास खातेस. मी चिडतो, "उष्टं कशाला देतेस गं?" तू म्हणतेस, "गप चल." मी आठवीत असताना तू गेलीस, आणि मग मावशीनं सांगितलं. गावात कुणाची तरी म्हैस मेली, तू भानामती केलीस म्हणून तुला पारावर उभं केलं, आणि आपण गाव सोडलं. न्हाल्यावर दार लावून फॅनखाली केस का वाळवायचीस, तेही तेव्हाच कळलं.

कॉलेज अर्धवट टाकून मी आता चाकणला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. गेल्याच आठवड्यात एका सोसायटीतल्या पोरांच्या पार्टीसाठी चेटकीण बनवली. वाकडं नाक, हातात झाडू. ऑर्डर द्यायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "भाऊ, अजून भीती वाटू दे की, केस मोकळे सोडा ना." मी सोडले. हसत हसत सोडले.

माझं डोकं तुला माहितीये. बॉक्स भिरकावून द्यावासा वाटला. पण ती समोर होती. मी पेढा खाल्ला, अख्खा. मग तिची आई हसली. "तसं काही नाही हो, आपलं उगीच." स्वतः एक घेतला आणि म्हणाली, "लग्नानंतर तुमच्या आईंचा फोटो तेवढा घरात नको." मी खोलीवर पोचेपर्यंत तिचा मेसेज आलेला: "फोटोच तर आहे रे. काढ ना, माझ्यासाठी."

आज ती आईला घेऊन माझी खोली बघायला येतेय. खरं सांगतो, सकाळी तुझा फोटो उतरवून पिशवीत घातला होता. तेल लावून चापून बांधलेले केस, एक बट सुटलेली नाही. मग परत खिळ्याला लावला.

आता कोपऱ्यावरून पेढे आणतो. बॉक्स त्यांच्यापुढे उघडून ठेवीन, आणि या वेळी आधी मी खाणार नाही. ती हात लावेल असं वाटत नाही, आई. तिच्याशिवाय कसं राहायचं, तेही माहीत नाही. हा कागद तुझ्या फोटोमागे खोचतो. चप्पल घातलीय. निघतो, दार ओढून घेतो.