बांधावरचा दगडांचा ढीग

आई, मागच्या महिन्यात मी लेकीकडे जाऊन आले. स्कॉटलंडच्याही उत्तरेला एका बेटावर ती नर्स आहे. झाड म्हणून नाही तिथे. गवत, वारा आणि मेंढ्या. एका रविवारी तिने मला एक जुनं थडगं दाखवायला नेलं. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी दगडावर दगड रचून टेकाडाएवढा ढीग केलाय आणि आत आपली मेलेली माणसं ठेवलीत. वाट इतकी ठेंगणी की रांगावं लागतं. "आई, आराम से. डोकं सांभाळ," लेक मागून म्हणाली. आत मात्र उभं राहता आलं. दाखवणारी बाई सांगत होती आणि लेक मला समजावत होती, की म्हाताऱ्यांची, बायकांची, अगदी तान्ह्या पोरांचीही हाडं इथे एकत्र सापडली.

मी आठेक वर्षांची आहे. शाहपूरच्या शेतात आपण भुईमूग उपटतोय. शेंगा भाजायला चूल मांडावी म्हणून मी बांधावरच्या ढिगातले तीन दगड उचलून आणते, आणि तू हातातलं झाड टाकून येतेस ती थेट माझ्या पाठीत धपाटा घालायला. त्याआधी तू कधी मारलं नव्हतंस, नंतरही नाही. "जिथले तिथं ठेव!" मग माझ्या शेजारी बसून दगड नीट लावता लावता म्हणालीस, "तुझा भाऊ आहे इथं. अकरा दिवसांचा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तुझ्या बाबांनी रचले हे." पुन्हा तू तो विषय काढला नाहीस, मी विचारलं नाही. जाता-येता तू एखादा दगड त्यावर ठेवायचीस, तेवढं दिसायचं.

तू गेल्यावर शेत माझ्याकडे आलं. केळी लावायची म्हणून सपाट करायला घेतलं, तेव्हा जेसीबीवाल्याने विचारलं, "दीदी, ये ढेर हटाना है क्या?" पाइप तिथूनच जाणार होता. मी म्हटलं, "हटा दो." दोन मिनिटांचं काम. दगड नाल्यात गेले. त्या दिवशी मला विशेष काही वाटलं नाही. तुला पोचणारच नाही अशा कागदावर खोटं कशाला लिहू?

त्या बेटावर डांबरी रस्ता थडग्याला वळसा घालून जातो. परतताना लेकीने विचारलं, "इतकी गप्प का गं तू?" मी म्हटलं, गुडघे दुखतायत. दुखतही होते. पण तिला एक मामा होता, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.