आईला दिलेला शब्द

मी, मिल्का शिमशोन आष्टमकर, वय एकाहत्तर, राहणार दिमोना, इस्राएल, आज शुद्धीत आणि स्वखुशीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. अक्षर पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी वळवलेले आहे, त्यामुळे वाचता येत नाही ही सबब चालणार नाही.

घर भाची ओरलीला. दर शुक्रवारी ती माझ्या आईची नखे कापायची, तिच्याशी तोडकेमोडके मराठी बोलायची. बापाच्या वागण्याचा दोष तिला नको.

तिचा बाप एझ्रा, माझा धाकटा भाऊ. १९९६च्या शाबुओथच्या सणाला सिनेगॉगमध्ये दहा आज्ञा ऐकायला आम्ही सारे उभे होतो. वाचन संपल्यावर आईसमोर, तोराच्या उघडलेल्या पोथीपुढे, आम्ही दोघांनी शब्द दिला: आईबापाचा मान राखण्याची पाचवी आज्ञा पाळू, आईला सहा-सहा महिने सांभाळू. आज्ञा मिळाल्या तेव्हा सीनाय डोंगरापाशी पूर्वज म्हणाले तेच एझ्रा मोठ्याने म्हणाला, "आम्ही करू आणि ऐकू." आई रडली.

पुढे तो हैफाला गेला. आई अकरा वर्षे, जाईपर्यंत, माझ्याकडेच राहिली. मी शाळेची नोकरी सोडली. "एझ्रा कधी न्यायला येणार गं?" ती विचारायची. माझे यजमान तिची उशी सारखी करत म्हणायचे, "कामात असेल, आई."

गेल्या हिवाळ्यात यजमान गेले. सुतकात एझ्रा जमिनीवर बसून उकडलेले अंडे सोलत होता. मी आईला दिलेल्या शब्दावरून बोलले, तर म्हणाला, "अगं ताई, मी काय पळून गेलो? त्याच वर्षी रोश हशानाच्या, आपल्या नववर्षाच्या, आदल्या दिवशी तिघा पंचांपुढे उभा राहून रीतसर तो शब्द सोडवून घेतला. मधे तुझे यजमानच बसले होते. तीनदा म्हणाले, सुटलास!"

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस होय मला!"

मी रब्बींना विचारले. ज्याला शब्द दिला, त्याला न कळवता तो सोडवता येत नाही. आईला कुणी कळवले नव्हते. म्हणजे एझ्रा सुटलेलाच नाही, आणि सोडवायला आता आई नाही. त्याला मी क्षमा करीन, पण शब्द मला दिलेला नव्हता, तो मी सोडू शकत नाही.

शिमशोनवर माझे प्रेम होते. आहे. तरीही मला आईच्या पायाशी पुरावे. शिमशोनच्या शेजारची, माझ्या नावे राखलेली जागा एझ्राला द्यावी. मला न सांगता एकत्र येण्याची दोघांना सवय आहे.

साक्षीदार: अव्हिवा रोहेकर, शेजारीण
नहूम किल्लेकर, निवृत्त कंपाउंडर

सही: मिल्का शि. आष्टमकर
दिमोना, १२ सप्टेंबर २०२३