हक्कसोड

घाटनांदूर,
१२ जानेवारी

चि. हरिओम,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तूर झोडून झाली. म्हैस व्यायली, रेडी झाली. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. ढाब्यावर गिऱ्हाइकांसमोर फोडू नकोस, आत जाऊन वाच.

आपला बंकटदादा ऑपरेशननंतर आता भाकरी कुस्करून खातो. आतड्याचा कॅन्सर होता त्याला, आणि आपण वर्षभर मूळव्याध म्हणून सुरण खाऊ घालत होतो.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, घराण्यात आणखी कुणाला? आई म्हणाली, "ह्यांला झालतं. दुसऱ्या कुणाला न्हाई." मी म्हटलं, सारजाआत्या? "ती कावून? ती दिलेली हाय, त्यांच्या घराण्यात गेली."

आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली म्हटल्यावर बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, हा दोष रक्तातून येतो, कुणाच्या आतड्यात निघतो, कुणाच्या गर्भाशयात. लग्नानं रक्त बदलत नाही. दादाच्या तपासणीत तो सापडला. तुझी-माझी शक्यता आठ-आठ आणे.

तू म्हणालास, "माझ्या वैष्णवीची सोयरीक होऊ दे, तवर तोंड उघडू नको. लोक म्हणतील पोरीच्या घराण्यात खोट हाय." बरं. लोकांत नाही उघडलं.

फक्त माझं रक्त तपासायला देऊन आले.

आप्पा गेल्यावर मी कचेरीत हक्कसोडीवर सही केली, तेव्हा तू मला पेढा भरवला होतास. जमिनीतलं मी काही घेतलं नाही. हे मात्र वाट्याला आलं. याची हक्कसोड होत नाही म्हणे. रिपोर्ट ऐकून रडू आलं नाही, अजून येत नाही. घरी येऊन कणीक मळली, मीठ दोनदा पडलं. तुझे भाऊजी घोटघोट पाण्यासोबत जेवले.

दुर्बीण घालून आतडं बघितलं. दोन बारीक गाठी निघाल्या, तिथंच काढल्या. आता दरसाल बघायचं. वेळेत सापडलं, असं बाई म्हणतात. मला बरं-वाईट काही वाटत नाही.

तुझी मात्र भीती वाटते. तुझंही रक्त पडतं, तुझ्या बायकोनंच, शिवकन्यानं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तूही सुरणच खातोयस म्हणे. आप्पा पंचेचाळिशीत गेले, तू त्रेचाळीसचा झालास.

सोमवारी लातूरला ये. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. वैष्णवीला काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. पण आधी तू ये.

तुझ्याच घराण्यातली,
अंजूताई