बिनकुरकुर हे नाव कोणाचं

४ फेब्रुवारी

हद्द झाली! एकोणीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर, पलंग दुरुस्त करतोय, आणि आज खरेदी विभागाच्या मॅडम विचारतात, "तुमच्या कंपनीचं नाव काय?" मी माझं नाव सांगितलं. "तुमचं नाही हो, कंपनीचं!" एप्रिलपासून वर्षाचं काम फक्त नोंदणी झालेल्या कंपनीला मिळणार. मार्चअखेर कागद आणून दाखवायचा, नाहीतर नमस्कार.

हे हॉस्पिटल गेलं की आमची शेड बंद. बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे दर्या में खसखस.

मेव्हण्याला सांगितलं. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. शेडमध्ये हात त्याचे आणि तोंड माझं, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी. तो एका खुर्चीखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, "काढू की कंपनी, भाऊजी. त्यात काय!" त्याचं काय जातंय! नाव मलाच शोधावं लागणार.

७ फेब्रुवारी

कंपन्या नोंदवून देणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. टेबलावर कागदांचा डोंगर, त्यामागे यांचं फक्त कपाळ दिसतं. मी चांगली भारदस्त यादी नेली होती — रॉयल, नॅशनल, युनिव्हर्सल, इंटरनॅशनल.

"शेड केवढी आहे तुमची?"

"दोन गाड्या राहतील एवढी."

"मग इंटरनॅशनल कशाला?"

'नॅशनल'ला म्हणे वरून परवानगी लागते. 'रॉयल'चंही तेच. 'युनिव्हर्सल' आधीच चाळीस जणांनी घेऊन ठेवलंय. म्हटलं, पुढे 'न्यू' लावू. "न्यू लावून नाव वेगळं होत नाही साहेब. अनेकवचन केलंत, मधे जागा सोडलीत, तरी ते सारखंच धरतात." माणसं एवढ्या बारकाईने सोयरीकसुद्धा बघत नाहीत!

९ फेब्रुवारी

एकवीस नावं तपासली. एकवीसही गेलेली. त्यातल्या निम्म्या कंपन्या काहीच करत नाहीत, नुसत्या नाव अडवून बसल्यात. आमचं उलटं. काम आहे, नावाचा पत्ता नाही.

हिने सुचवलेलं नाव — तिच्या आईचं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

१२ फेब्रुवारी

नाव सापडलं! मला सुचलं!

म्हणजे झालं असं. मेव्हण्याने एक खुर्ची दुरुस्त केली, शेडभर फिरवली, खाली वाकून कान लावला आणि म्हणाला, "घ्या. बिनकुरकुर." हे तो रोजच म्हणतो, प्रत्येक खुर्चीला. पण त्यात कंपनीचं नाव आहे हे ओळखलं कोणी? मी! तो तर तेवढं बोलून पाना शोधायला गेला होता. मी सांगितल्यावर मात्र कानापर्यंत हसला.

संध्याकाळी गृहस्थांनी शोध घेतला. कोणाचंच नाही! मी खुर्चीतून उठलोच. ते म्हणाले, "बसा. शोधात मोकळं दिसलं म्हणजे आपलं झालं असं नाही. उद्या दुसऱ्याने नेलं तर हात चोळत बसाल. अर्ज करा. मंजूर झालं की वीस दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात कंपनी नोंदवायची." मग पेन उघडून विचारलं, "संचालक किती? एक की दोन? हल्ली एकट्याचीही कंपनी निघते."

निघते?

म्हटलं, विचार करून सांगतो.

१४ फेब्रुवारी

विचार चालू आहे. मेव्हणा दोनदा विचारून गेला, "केला का अर्ज, भाऊजी? कोणी नेईल हां." म्हटलं, करू रे, घाई कसली!

१६ फेब्रुवारी

एकट्याचीच बरी.

हे मी स्वार्थाने लिहीत नाहीये. सोय बघायला हवी. त्याचे हात कायम ग्रीसने बरबटलेले, तो सह्या कधी करणार? शिवाय सभा, ठराव, हिशेबतपासनीस — असल्या कटकटी त्याला झेपायच्या नाहीत. मोठा म्हणून त्याला त्यातून वाचवणं माझं कर्तव्यच आहे. कामाला तो आहेच. जातोय कुठे? घरचाच तर आहे.

हिला सांगितलं, कागद चालू आहेत. ते काही खोटं नाही.

१७ फेब्रुवारी

अर्ज केला. एक संचालक. सही झकास आली.

१९ फेब्रुवारी

मेव्हणा आज कामात उगाच हसत होता. जाताना म्हणाला, "या नाही, पुढच्या रविवारी ताईला घेऊन जेवायला या. एक गोष्ट सांगायचीय." रजा मागणार, दुसरं काय! एप्रिल तोंडावर आलाय आणि याला रजा सुचतेय.

२० फेब्रुवारी

चोरी! दिवसाढवळ्या!

अर्ज फेटाळला. 'हेच नाव १६ फेब्रुवारी रोजी अन्य अर्जदाराने मागितले आहे.' एका दिवसाने! माझं नाव! माझ्या डोक्यातून निघालेलं! हे असं नाव योगायोगाने कोणाला सुचतं का? कोणीतरी फोडलंय. गृहस्थ असतील का? की मॅडम? मी त्यांच्यापुढे जरा मिरवलो होतो खरा. की ही? हिच्या पोटात तीळ भिजत नाही.

काय दिवस आलेत! माणूस माणसाच्या पाठीमागे जाऊन गुपचूप अर्ज करतो. जनाची नाही, निदान मनाची तरी वाटावी! जेवण गेलं नाही.

मेव्हण्याला सांगितलं नाही. सांगायचं तर अर्जातलं सगळंच सांगावं लागेल. उगाच त्याच्या डोक्याला ताप.

२३ फेब्रुवारी

गृहस्थांनी मार्ग काढला. अर्जदार कोण ते कंपनी नोंदणीची कचेरी सांगत नाही. पण आपला अर्ज आणि एक पत्र ती त्याच्याकडे पाठवते. त्याने "हरकत नाही" असं लिहून दिलं, तर नाव आपल्याला मिळतं.

पत्र मी स्वतः लिहिलं. तीनदा. शेवटी असं जमलं — 'हे नाव माझ्या एकट्याच्या बुद्धीतून निघालेले आहे. धंदा माझा एकट्याचा आहे. शेडमध्ये हाताखाली एक माणूस आहे, त्याचा या नावाशी काडीचाही संबंध नाही.' शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. उद्या चोराने मेव्हण्याला गाठून साक्षीला उभं केलं तर? त्याचा काय भरवसा! कोणीही गोड बोललं की हा आपला हो म्हणणार.

गृहस्थ म्हणाले, "एवढं कशाला लिहिताय? नुसती विनंती करा."

"असू द्या! गाठ कोणाशी आहे ते कळू दे त्याला."

सोबत अर्जाची प्रत जोडली. मन हलकं झालं.

२७ फेब्रुवारी

चोराला पत्र पोचलं. गृहस्थांचा फोन आला होता. चार दिवसांत! सरकारी काम इतकं झटपट होताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आता बसला असेल घाम पुसत.

मेव्हणा दुपारनंतर शेडवर दिसला नाही. पाने जागच्या जागी लावून गेलाय. न सांगता!

१ मार्च

जेवणाचं रद्द. हिला तिच्या वहिनीचा फोन आला. काय झालं विचारलं, तर ही म्हणाली, "काही बोलली नाही. रडत होती."

मेव्हणा फोन उचलत नाही. शेडमध्ये दोन स्ट्रेचर आणि एक पलंग पडून आहेत. मॅडमचे तीन फोन येऊन गेले. मीच एका स्ट्रेचरचं चाक काढलं. दीड तास खटपट केली, परत बसेना. बोट चेमटलं.

नावाचं टेन्शन, त्यात हे घरचं! सगळ्यांनी माझाच अंत बघायचं ठरवलंय.

३ मार्च

हिने पाकीट पुढ्यात टाकलं. "माझ्या भावाने दिलंय."

आत त्याच्या अर्जाची प्रत. सोळा तारखेची. "तुम्ही नुसतं आज-उद्या करत होतात," ही म्हणाली, "नाव कोणी नेलं तर भाऊजी खचतील म्हणून सकाळपासून कचेरीच्या रांगेत उभा राहिला तो. रविवारी जेवताना सांगणार होता." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

संचालक दोन. पहिलं नाव माझं.

खाली दुसरा कागद, त्याच्याच अक्षरात — 'सदर अर्जदार यांस हे नाव देण्यास माझी हरकत नाही. माझा या नावाशी काडीचाही संबंध नाही.'

नाव मिळालं. माझं एकट्याचं.